चेहरा काढलेली डोकी

कामावर तिला सगळे चाळणी म्हणत. नाव पाडलं वरच्या यंत्रखोलीतल्या तंत्रज्ञांनी, आणि पाडलं ते चिकटलं. तिनेही कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण दिवसभर ती खरोखर चाळायचंच काम करायची. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर तिची खोली होती. वरच्या मजल्यांवर माणसांच्या डोक्यांची, छात्यांची, गुडघ्यांची चित्रं निघत, आणि त्यांतली जी बाहेरच्या संशोधकांना द्यायची ती आधी तिच्याकडे उतरत. ती त्यांतून माणूस काढून टाकायची आणि दुखणं तेवढं ठेवायची.

हे ऐकायला सोपं वाटतं. नाव, पत्ता, जन्मतारीख पुसणं हा पोरखेळच. पण माणूस चित्रात कुठे कुठे दडी मारून बसलेला असतो, ते बघितल्याशिवाय कळत नाही. एखाद्या दिवशी त्या यंत्रात एकच जण गेला असेल, तर नुसत्या तारखेवरून तो सापडतो. म्हणून तारखा मागेपुढे सरकवायच्या. सोनोग्राफीत यंत्रानेच कोपऱ्यात नाव छापून ठेवलेलं असतं, ते काळ्या पट्टीखाली झाकायचं. आणि डोक्याचा एम.आर.आय. तर भलताच चोंबडा. त्याचे पातळ काप संगणकाने एकावर एक रचले, की मिटलेल्या पापण्या, नाक, ओठ असा अख्खा चेहरा उभा राहतो, राखाडी आणि बिनकेसांचा. ओळखीतला माणूस असला तर पटकन ओळखूही येतो. म्हणून डोकं दाराबाहेर पाठवण्याआधी त्याचा चेहरा कापायचा. भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा भाग कोरा करायचा आणि मेंदूला धक्का लावायचा नाही. ‘मेंदू जगाचा, चेहरा ज्याचा त्याचा,’ असं ती नव्या माणसांना शिकवताना म्हणायची, आणि स्वतःच्याच वाक्यावर थोडी खूश व्हायची.

त्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या एका संस्थेतल्या संशोधकाचा निरोप आला. ‘तुमच्या निरोगी डोक्यांच्या संग्रहातल्या या क्रमांकाच्या चित्रात मेंदूच्या बुडाशी एका धमनीवर फुगवटा दिसतो आहे. वाटाण्यापेक्षा लहान. तुम्हाला माहीत असेलच, तरी कळवतो.’

तिला माहीत नव्हतं, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. निरोगी डोक्यांचा हा संग्रह म्हणजे तुलनेसाठी जमवलेली धडधाकट माणसं: रुग्णालयातले लोक, त्यांचे नातेवाईक, शेजारीपाजारी. प्रत्येकाला यंत्रात जाण्याआधी एक प्रश्न विचारलेला होता. तपासणीत अचानक काही सापडलं, तर तुम्हाला कळवायचं की नाही? ‘हो’ म्हणणाऱ्यांची चित्रं डॉक्टर वाचत. ‘नाही’ म्हणणाऱ्यांची कुणी वाचत नसे, ती थेट चाळणीकडे येत. या क्रमांकापुढे ‘नाही’ होतं. अशा वेळी काय करायचं तेही ठरलेलं होतं. आभार मानायचे, नोंद घेतली म्हणायचं आणि गप्प बसायचं.

तिने आभार मानले. मग तिने चित्र उघडलं. ते उघडायची काही गरज नव्हती, पण शास्त्र शिकलेल्या माणसाला ‘आत काय आहे ते बघू नकोस’ म्हणणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

फुगवटा तिला लगेच दिसला. धमनीला फांदी फुटते त्या ठिकाणी, फुटायला आलेल्या कळीसारखा. तिने डोकं फिरवून बघितलं. पुढून चेहरा कापलेला, तिनेच कापलेला, पण शेकडोंच्या गठ्ठ्यात, एकेक न बघता, संगणकाकडून. बाजूने कान. मागून कवटीची गोलाई, आणि त्या गोलाईवर उजवीकडे, कानाच्या मागे, अर्धचंद्रासारखा एक खळगा.

तिचा माऊसवरचा हात थांबला.

हा खळगा तिने केलेला होता. ती सात-आठ वर्षांची असताना बागेतला लोखंडी झोपाळा रिकामा जास्त वेगाने जातो की माणूस बसलेला, हे तिला पाहायचं होतं. रिकामा झोपाळा तिने जीव खाऊन ढकलला, आणि तेवढ्यात दादा तिला जेवायला बोलवायला आला, तो थेट त्याच्या वाटेत. टाके पडले, केस वाढले, खळगा राहिला. आजही घरी कुणी पाहुणे आले, की दादा त्यांचं बोट धरून त्या खळग्यावर ठेवतो. “बघा, आमच्या शास्त्रज्ञबाईंच्या प्रयोगातला पहिला उंदीर.”

तिने चित्र बंद केलं. पुन्हा उघडलं. खळगा तिथेच होता.

*

नियम असा, की चाळताना कुणाची ओळख पटली तर वरिष्ठांना सांगायचं. ती मोठ्या डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. या बाई सगळ्या संग्रहाच्या प्रमुख. माणूस स्वच्छ, पण बोलणं कात्रीसारखं.

“मला एक डोकं ओळखू आलं,” चाळणी म्हणाली.

“चेहरा राहिला होता?”

“नाही. चेहरा नीट काढलाय. जुनी जखम आहे, तिच्यावरून.”

“नाव सांगू नका.” बाईंनी हात वर केला. “मला नाव कळलं, की मीही अडकले. नात्यातलं आहे?”

तिने मान डोलावली. मग फुगवट्याबद्दल सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शंभरात दोघातिघांच्या डोक्यात असला फुगवटा असतो. बहुतेक जण म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे एखाद्या दुपारी, तो फुटला की, डोकं धरून खाली बसतात.” बाईंनी हे सरळ सांगितलं, तिचा अपमान होऊ नये म्हणून. “शस्त्रक्रियाही काही हसत करण्याची गोष्ट नाही. म्हणूनच आपण आधी विचारतो. या माणसाने काय सांगितलं होतं?”

“नाही.”

“मग नाही. आपण शब्द दिलाय. हवं तर मी रुग्णालयाच्या नीती समितीपुढे ठेवते, पण समिती बसेल तेव्हा बसेल. तोवर तुम्ही त्या माणसाला काही सांगायचं नाही. आडून नाही, सुचवून नाही. जमेल?”

“जमेल,” ती म्हणाली. म्हणायला काय जातं.

दादाचा धंदा सामान हलवण्याचा. लोक घरं बदलतात, हा त्यांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढतो. चार माणसं हाताखाली आहेत, पण अवघड वळण आलं की ‘सरका रे’ म्हणून स्वतः पुढे. वर बाल्कनीत उभं राहून सिगारेट. म्हणजे त्या वाटाण्यापेक्षा लहान फुगवट्याला जे जे नको ते सगळं हा माणूस रोज, पोटासाठी आणि हौसेने करत होता.

तिने प्रयत्न केला नाही असं नाही. संध्याकाळी फोनवर म्हणाली, “दादा, तू जरा कमी उचलत जा ना.”

“का? तू येतेस उचलायला?”

“वय होतंय तुझं.”

“अगं, मला अजून चाळिशी लागायचीय, आणि तू मला काठी द्यायला निघालीस?”

“सिगारेट तरी सोड.”

“बुटके, काय झालंय? वहिनीने कान भरले का तुझे?”

“नाही रे. सहज.”

“तू सहज काही बोलत नाहीस. लहानपणी झोपाळासुद्धा सहज ढकलला नव्हतास.”

तिने फोन ठेवला आणि ठरवलं, आता फोन घ्यायचाच नाही. त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं, की आतलं बाहेर पडायला बघत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे तोंड दाबणारी आणि बुक्क्या मारणारी दोन्ही तीच. खिडकीशी गेली, तर समोरच्या इमारतीत दोन माणसं एक फ्रिज जिन्याने चढवत होती. तिने पडदा ओढून घेतला.

मग तिला वाट सापडली. निदान तसं वाटलं.

निरोगी डोकी जमवायचे ते दिवस तिला आठवले. बाहेर बाकांवर माणसं खोळंबलेली, यंत्राची वेळ मोजकी. ‘हो’ म्हणणाऱ्याला नंतर डॉक्टरांसमोर बसून सगळं समजून घ्यावं लागे, त्यात बराच वेळ मोडे. तेव्हा रांग सांभाळायला तीच होती, आणि ती प्रत्येकाला म्हणायची, “‘नाही’ म्हणा, लवकर सुटाल.” लोक हसत आणि ‘नाही’ म्हणत. दादालाही तिने तेच सांगितलं होतं. म्हणजे ते ‘नाही’ त्याचं नव्हतंच. ते रांगेचं होतं. घाईने घेतलेलं उत्तर हे उत्तरच नव्हे. प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, सगळ्यांना, नीट.

ती पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली आणि हे सगळं सांगितलं.

“किती जणांना म्हणालात असं?”

“माझ्या रांगेतल्या सगळ्यांना.”

“म्हणजे निम्मा संग्रह पोकळ पायावर उभा आहे, आणि तो आपण जगभर वाटून बसलोय.”

“हो.”

“हे तुम्हाला आत्ता आठवलं. ओळखीचं डोकं निघाल्यावर.”

उत्तराची वाट न बघता बाईंनी फोन उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. संग्रह बाहेरच्यांना बंद झाला. आधी दिलेली चित्रं वापरू नका, असे निरोप गेले. कुठल्याशा संस्थेतली एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन विचारू लागली, की तिचा प्रबंध याच डोक्यांवर उभा आहे, आता तिने काय करायचं? चाळणीला त्या संग्रहावरून काढलं आणि गुडघ्यांवर बसवलं. गुडघ्यांना चेहरा नसतो, एवढंच सुख. एक परिचारिका ठरवून दिलेला मजकूर वाचत एकेकाला फोन करणार होती, आणि ते संपेपर्यंत चाळणीने कुणाशीही या विषयावर बोलायचं नव्हतं. कुणाला फोन कधी जाईल, तेही तिला कळणार नव्हतं.

यंत्रखोलीतला एक तंत्रज्ञ जिन्यात भेटला, म्हणाला, “काय चाळणीबाई, स्वतःच स्वतःला चाळलंत होय?” ती हसली. त्याने वाईट मनाने विचारलं नव्हतं.

*

रविवारी सकाळी इमारतीच्या दाराची बेल वाजली आणि ती उतरली. खाली दादा उभा होता, आणि त्याच्या शेजारी फुटपाथवर बाबांची आरामखुर्ची.

“फोन उचलत नाहीस, म्हणून सामानच घेऊन आलो,” तो म्हणाला. “तुझ्या वहिनीला घरात जागा पाहिजे. खुर्ची आता तुझी.”

“दादा, ही वर मावणार नाही.”

“मी कपाटं माववतो. ही काय चीज आहे?”

आणि त्याने ती उचलायला हात घातला. शिसवी लाकूड, चामड्याची बैठक, खाली लोखंडी सांगाडा.

“थांब. मी एक बाजू धरते.”

“तू? तुला माऊस उचलताना धाप लागते.”

“धरते म्हटलं ना.”

ती वरच्या बाजूला, उलटी पावलं टाकत. तो खालच्या बाजूला, सगळा भार अंगावर घेऊन. पहिला मजला झाला. तिचं लक्ष खुर्चीकडे नव्हतंच. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, ती तिला दिसत होती, आणि तिच्या मनासमोर त्याच्या मेंदूतली दुसरी एक.

दुसऱ्या वळणावर खुर्ची अडकली. एक पाय कठड्याच्या गजात गेला, पाठ भिंतीला टेकली, वरही जाईना आणि खालीही येईना. ती सोडेल तर भार त्याच्यावर, तो सोडेल तर भार तिच्यावर. दोघं मधोमध खुर्ची धरून समोरासमोर उभे.

“झकास,” दादा म्हणाला. “बाबा असते तर म्हणाले असते, यांना दोघांना मिळून एक खुर्ची चढवता येत नाही.”

तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. एका हाताने त्याने तो काढला, स्पीकर लावला आणि खुर्चीच्या बैठकीवर ठेवला.

परिचारिकेचा आवाज आला, सावकाश वाचणारा. रुग्णालयातून बोलते आहे. आपण संशोधनासाठी डोक्याची तपासणी करून घेतली होती. तेव्हा विचारलेला प्रश्न सर्वांना पुन्हा विचारत आहोत. आपल्या चित्रात काही आढळलं आहे किंवा नाही, ते या फोनवरून कळणार नाही. यापुढे काही आढळल्यास, किंवा आधी आढळलेलं असल्यास, आपल्याला कळवावं का?

चाळणीने निघून जायला हवं होतं. पण तिचे दोन्ही हात खुर्चीखाली होते.

“नाही,” दादा म्हणाला. “तेव्हाही नाही, आत्ताही नाही.”

“मागच्या वेळी घाईत उत्तर दिलं असल्यास...”

“मी घाईत नव्हतो हो. रांग लावणारी बाई घाईत होती.” त्याने तिच्याकडे बघून डोळा मारला. “मी मनापासून सांगितलं होतं. आमच्या वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं, की छातीत गाठ आहे. गाठीने त्यांना काही केलं नाही, बरं का. वर्षानुवर्षं होती तशीच होती. पण सांगितलं त्या दिवशी माणूस एका खुर्चीत जाऊन बसला, तो पुन्हा उठलाच नाही. मी आत्ता तीच खुर्ची धरून उभा आहे. मला नको.”

तिला हे माहीत नव्हतं. बाबांची खुर्ची तिला माहीत होती, पण दादाने त्यातून काय उचललं, ते तिने कधी विचारलंच नव्हतं. ज्या उत्तराला ती पोकळ समजली, तेवढंच एक भरीव निघालं. तिची वाट इथे, या वळणावर, खुर्चीसारखीच अडकली.

“ठीक आहे,” बाई म्हणाली. “नियमाप्रमाणे मला एकदा पुन्हा विचारावं लागतं. आपलं उत्तर ‘नाही’ असंच नोंदवू?”

“नोंदवा की...” दादा म्हणाला आणि सहज तिच्याकडे बघितलं.

तिने मान वळवली. वळवायला जागा नव्हती. एकीकडे भिंत, दुसरीकडे खुर्चीची पाठ. तिने मनात पाढे म्हटले. गुडघे आठवले. चेहरा काढायची सगळी हत्यारं तिच्याकडे होती, पण ती सगळी कामावर, संगणकात.

“बुटके,” दादा हळूच म्हणाला. “इकडे बघ.”

तिने बघितलं. ती एक अक्षर बोलली नाही, हे ती पुढे कुणालाही शपथेवर सांगू शकली असती.

जिन्यात वरच्या घरातल्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. दादाचं हसू आधी ओठांवरून गेलं आणि मग, जरा वेळाने, डोळ्यांतून.

“ऐकताय ना?” फोनमधून आवाज आला.

“ऐकतोय.” त्याने घसा साफ केला. “‘हो’ लिहा.”

“आपण विचार बदललात? कुणाचा दबाव नाही ना?”

“दबाव आहे ना. खुर्चीचा.” विनोद त्याने केला, पण आवाज त्याला साथ देत नव्हता. “लिहा हो, ताई. आता नाही म्हणून काय उपयोग?”

बाईने आभार मानले. डॉक्टर स्वतः संपर्क करतील असं सांगितलं, मजकुरात होतं तसं. फोनचा दिवा विझला.

“दादा, मी काही बोलले नाही.”

“नाही बोललीस.”

“मला बोलायची परवानगी नव्हती.”

“मी कुठे काय म्हणतोय? पण बघ ना, मी एवढी वर्षं एकच सोय मागितली होती. माहीत नसण्याची.” तो तिच्याकडे न बघता, खुर्चीच्या घासलेल्या हाताकडे बघत बोलत होता. “मोठं आहे का गं?”

तिने ओठ घट्ट मिटले. नियम अजून होता तिथेच होता.

“बरं, राहू दे. सांगू नकोस. तुझी नोकरी तरी राहू दे.” त्याने एक पाऊल खालच्या पायरीवर चाचपलं. चेहरा पांढरा पडला होता, भीतीने की श्रमाने, कळत नव्हतं. कपाटं पाठीवर घेऊन हसत जिने चढणारा, कुणाला कधी ‘जरा धर’ न म्हणणारा तिचा भाऊ.

“बुटके,” तो म्हणाला, “जरा धर. मी दोन मिनिटं बसतो.”

तिने पाय कठड्याला रोवला आणि अंग पुढे झोकून खुर्चीचा सगळा भार दोन्ही हातांवर घेतला. त्याने हळूच हात काढून घेतले आणि तो खालच्या पायरीवर, तिच्याकडे पाठ करून बसला. मान खाली घातलेली. कानामागे, केसांखालून, खळगा दिसत होता.

तिने खुर्ची सोडली नाही.